एक्क्याण्णव चाकं आणि एक फिरता कर्णा

घरात कॅसिओ, यामाहा किंवा रोलँडचा कीबोर्ड असेल तर त्यातली टोनची यादी एकदा नीट बघावी. १९९१ साली वाद्यनिर्मात्यांनी मिळून 'जनरल मिडी' नावाचं एक प्रमाण ठरवलं. त्यात सतराव्या क्रमांकावर 'ड्रॉबार ऑर्गन', अठराव्यावर 'पर्कसिव्ह ऑर्गन', एकोणिसाव्यावर 'रॉक ऑर्गन' आणि विसाव्यावर 'चर्च ऑर्गन' आहे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात पियानो, स्ट्रिंग्ज आणि बासरी हे टोन सारखे वाजतात. सतरा ते वीसकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. चुकून टोन लागलाच तर ऐकू येतो एक सपाट, एकसुरी, नाकातला आवाज. वाजवणारा तो चार सेकंद ऐकतो आणि पुढच्या टोनवर जातो.

दोष आवाजाचा नाही. तो पियानोसारखा वाजवला जातो, ही खरी अडचण आहे.

मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून नाट्यपदांच्या साथीला असलेला तो ऑर्गन म्हणजे पायानं भाता हलवून वाजवायची पायपेटी. तिच्यात पितळी पट्ट्या असतात आणि हवेनं त्या थरथरल्या की सूर निघतो. 'ड्रॉबार ऑर्गन'चं घराणं वेगळं. तिथे हवा नाही, भाता नाही, पट्ट्याही नाहीत. तिथे आहे एक विजेची मोटर, आणि ती बसवणारा माणूस मुळात घड्याळं बनवणारा होता.

लॉरेन्स हॅमंड हा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १८९५ साली जन्मलेला अभियंता. त्याला स्वतःला कुठलंही वाद्य वाजवता येत नव्हतं. १९२८ साली त्यानं विजेच्या घड्याळांची कंपनी काढली. या घड्याळांचं मर्म होतं सिंक्रोनस मोटर. विद्युतपुरवठ्याची वारंवारता स्थिर असेल तर ही मोटर ठरलेल्या वेगानं फिरते, ना पुढे ना मागे. मंदीच्या दिवसांत घड्याळांचा धंदा बसला. हॅमंडनं पत्ते आपोआप पिसणारं, वाटणारं विजेचं टेबलसुद्धा बाजारात आणून पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं की जी मोटर वेळ चुकू देत नाही ती सूरही चुकू देणार नाही. एक जुना पियानो आणून त्यानं त्यातल्या पट्ट्या तेवढ्या ठेवल्या, बाकीचा सांगाडा टाकून दिला. कंपनीचा सहायक खजिनदार चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, कानाची कामगिरी त्याच्याकडे आली. १९३४ साली पेटंट मिळालं आणि १९३५ साली 'मॉडेल ए' लोकांपुढे आलं.

आतली रचना ऐकायला सोपी आणि बनवायला चिवट आहे. एका लांब दांड्यावर दातेरी चक्रांच्या साहाय्यानं फिरणारी पोलादी चाकं, प्रत्येक दोन इंचांहून थोडं लहान. पुढे गाजलेल्या 'बी-थ्री' मॉडेलमध्ये ती ९१ आहेत. चाकाच्या कडेला ठरावीक उंचवटे. शेजारी लोहचुंबकाची कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं. उंचवटा कांडीजवळून गेला की वेटोळ्यात वीज किंचित हलते. सेकंदाला जितके उंचवटे जातील तितक्या आंदोलनांचा सूर. अमेरिकेत मोटर सेकंदाला २० फेरे घेते. पांढरी सहाचा हिशेब पाहा: ८८ आणि ६४ दात्यांच्या जोडीमुळे वेग होतो २७.५ फेरे, चाकावर उंचवटे १६, गुणाकार बरोबर ४४०. पांढरी एकला ८५ आणि १०४ दात्यांची जोडी लागते आणि उत्तर येतं २६१.५४, जिथे ते २६१.६३ असायला हवं. म्हणजे सगळे सूर शुद्ध गणितानं नाही, तर दात्यांना जमेल तेवढ्या जवळिकीनं लावलेले आहेत.

इथे भारताशी एक गमतीचा संबंध आहे. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा, अमेरिकेतला ६० चा. अमेरिकेतून आणलेला हॅमंड नुसता ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालू केला तर व्होल्टेज जुळेल, पण मोटर सहाला पाच या प्रमाणात हळू फिरेल. पांढरी सहा दाबली की काळी तीनच्या आसपासचा आणि तोही जरा उतरलेला सूर येईल. ५० हर्ट्झच्या देशांसाठी कंपनी म्हणूनच वेगळी यंत्रणा बसवायची.

आता ड्रॉबार. पट्ट्यांच्या वरच्या बाजूला पुढे-मागे सरकणाऱ्या नऊ दांड्यांचा संच असतो. प्रत्येकावर शून्य ते आठ अशा पायऱ्या. पाइप ऑर्गनच्या नळ्यांची लांबी फुटांत मोजतात, म्हणून दांड्यांवर १६, ५ १/३, ८, ४ असे फुटांचे आकडे. ज्याला सा-रे-ग-म कळतं त्याला मात्र हे आकडे पाठ करायची गरज नाही. आठ फुटांचा पांढरा दांडा म्हणजे दाबलेल्या पट्टीचा षड्ज. सोळा फुटांचा तपकिरी दांडा त्याच्या खालचा खर्ज. दुसरा तपकिरी दांडा म्हणजे मध्य सप्तकातला पंचम. चार फुटांचा पांढरा हा तार षड्ज, त्यापुढचा काळा म्हणजे तार पंचम, दोन फुटांचा पांढरा अतितार षड्ज. त्यापुढे एक काळा गंधार देतो, दुसरा काळा पुन्हा पंचम, आणि शेवटचा पांढरा सर्वांत वरचा षड्ज. नऊ दांड्यांत मिळून सा, प आणि एकटा ग. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार कानावर येतो, त्याच जागेचा हा गंधार.

मात्र तो गंधार स्वयंभू नाही. हॅमंडकडे उपस्वरांसाठी वेगळी चाकं नाहीत, पट्टीवरच्या इतर सुरांची चाकंच तो उसनी घेतो. ते सूर समान अंतराच्या स्वरसप्तकातले, त्यामुळे सेंट या सुरांच्या बारीक मापात गंधार शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ चौदा सेंट चढा. तंबोऱ्यावर कान घडलेला माणूस तो काळा दांडा ओढल्याबरोबर भुवई उंचावेल. हॅमंडच्या आवाजाला जी थोडी कडवट धार आहे, तिच्यामागे या उधारीचाही वाटा आहे.

सुरुवातीच्या जाहिरातींत कंपनीनं हे वाद्य थेट पाइप ऑर्गनच्या पंगतीला बसवलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्याला हरकत घेतली. १९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपलमध्ये पडद्याआडून दोन्ही वाद्यं ऐकवून परीक्षा झाली आणि ऐकणाऱ्यांचे सुमारे एक तृतीयांश अंदाज चुकले. कमिशननं पुढच्या वर्षी काही दावे बंद करायला लावले, पण व्हायची ती जाहिरात होऊन गेली होती.

खरी मजा पुढे आहे. हॅमंडच्या अभियंत्यांना वाद्यातले जे दोष छळत होते तेच आज डिजिटल कीबोर्डवाले अभिमानानं विकतात. प्रत्येक पट्टीखाली नऊ दांड्यांसाठी नऊ धातूचे संपर्क असतात. पट्टी दाबली की ते एकाच क्षणी जुळत नाहीत, थोडे मागेपुढे जुळतात आणि 'टिक्' असा बारीक आवाज येतो. कंपनीनं तो कमी करण्यासाठी खटपट केली. चर्चमधल्या संथ स्तोत्रांत टिकटिक कुणाला हवी होती? दुसरा दोष गळतीचा. चाकं एकमेकांना खेटून बसलेली, त्यामुळे एका सुराच्या मागे शेजारच्या चाकांची पुसट कुजबुज ऐकू येते.

१९५६ साली जिमी स्मिथच्या ब्लू नोट कंपनीच्या रेकॉर्ड येऊ लागल्या आणि या टिकटिकीचं नशीब पालटलं. डाव्या हातानं चालता बेस, उजव्या हातानं झरझर सुरावट. त्या वेगात 'टिक्' प्रत्येक सुराला ठोका देऊ लागला. जॅझवाल्यांना तो हवाहवासा वाटला, गॉस्पेल गाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या चर्चनाही, आणि साठच्या दशकात रॉकवाल्यांनाही. बुकर टी. जोन्सचं 'ग्रीन अनियन्स' १९६२ चं, प्रोकोल हॅरमचं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' १९६७ चं. दोन्हींत हॅमंडची छोटी मॉडेलं वाजली आहेत. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डनं तर गिटारचा मार्शल अँप्लिफायर हॅमंडला जोडून आवाज मुद्दाम फाडला.

पण एकटा हॅमंड म्हणजे अर्धाच आवाज. उरलेला अर्धा डॉन लेस्लीचा. लॉस एंजेलिसमध्ये रेडिओदुरुस्तीची कामं करणाऱ्या या गृहस्थानं १९३७ साली हॅमंड विकत घेतला. दुकानाच्या मोठ्या दालनात भरदार वाटलेला आवाज घरी आल्यावर त्याला निर्जीव वाटला. पाइप ऑर्गनचा सूर निरनिराळ्या नळ्यांमधून, निरनिराळ्या जागांवरून येतो, स्पीकरचा एकाच जागेवरून. लेस्लीनं जागाच फिरती केली. त्याच्या लाकडी पेटीत वरच्या सुरांसाठी दोन तोंडांचा फिरता कर्णा आहे. त्यातलं एकच तोंड आवाज देतं, दुसरं नुसतं तोल सांभाळायला. खालच्या सुरांसाठी फिरता पिंप. फलाटावरून गाडी निघून जाताना तिचा भोंगा जसा उतरत जातो तसंच इथे घडतं, फक्त सेकंदाला कित्येक वेळा: कर्णा आपल्याकडे वळला की सूर किंचित चढतो, पाठ फिरवली की उतरतो.

लेस्ली स्पीकरला वेग दोनच. संथ वेगात कर्णा मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे घेतो, जलद वेगात चारशेच्या आसपास. जादू मात्र या दोन वेगांत नाही, एकातून दुसऱ्यात जाण्यात आहे. हलका कर्णा सेकंदाभरात वेग पकडतो, जड पिंपाला काही सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत वरचे सूर भिरभिरू लागलेले असतात आणि खालचे अजून रेंगाळत असतात. हॅमंड कंपनीनं ही पेटी विकत घ्यायला नकार दिला, विक्रेत्यांना ती ठेवू नका असंही बजावलं. वादकांनी ऐकलं नाही. आज हॅमंड म्हणून आपण जे ऐकतो ते बहुतेक वेळा लेस्लीमधूनच आलेलं असतं.

हॅमंड काही हातात धरून न्यायची वस्तू नव्हती. बाक आणि पायपट्ट्यांसह बी-थ्री दोनशे किलोंच्या घरात जायचा, लेस्ली वेगळा. चाकांना वर्षातून एकदा तेल द्यावं लागे आणि ते सुती दोऱ्यांमधून झिरपत बेअरिंगपर्यंत पोचे. चालू करायलाही दोन खटके: आधी 'स्टार्ट' सात-आठ सेकंद धरून ठेवायचा, मग 'रन'. म्हणून साठच्या दशकात ट्रान्झिस्टरचे हलके ऑर्गन आले. इंग्लंडचा व्हॉक्स कॉन्टिनेंटल १९६२ चा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे रंग उलटे केलेला. 'द अ‍ॅनिमल्स' आणि 'द डोअर्स' यांनी तो वाजवला. इटलीतल्या अकॉर्डियन बनवणाऱ्यांनी काढलेल्या फार्फिसाचा सूर त्याहून बोचरा, पिंक फ्लॉइडच्या सुरुवातीच्या काळात रिचर्ड राइट तो वाजवत असे. विजेवर वाजणाऱ्या पट्ट्यांशी आपली ओळख मात्र याहून जुनी आहे: १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी पुंगी नव्हती, ती कल्याणजींनी वाजवलेली क्लाव्हियोलिन होती, सोबतीला रवींची पेटी.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हॅमंडनं चाकांचे ऑर्गन बनवणं थांबवलं. पुढे कंपनीही बुडाली आणि नाव जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेलं. वादकांनी जुने ऑर्गन सोडले नाहीत, त्यांच्या पाठी मात्र जायबंदी झाल्या. नकलांचा बाजार तिथून उभा राहिला. कॉर्गचा सीएक्स-थ्री १९८० चा, तेव्हा अजून अ‍ॅनालॉग. १९९७ चा रोलँडचा व्हीके-सेव्हन. २००१ मध्ये स्टॉकहोमच्या क्लाव्हिया कंपनीनं लाल रंगाचा नॉर्ड इलेक्ट्रो आणला आणि काखेत मारून नेता येईल असा हॅमंड जगभरच्या रंगमंचांवर दिसू लागला. हॅमंड-सुझुकीनं २०११ मध्ये आणलेल्या एसके-वनचं वजन सुमारे सात किलो. यामाहाचा २०१५ चा रिफेस वायसी तर दोन किलोंच्या आत, ३७ छोट्या पट्ट्या, सहा पेन्सिल सेलवरही चालणारा. त्यात हॅमंड, व्हॉक्स, फार्फिसा, जपानी एस टोन आणि यामाहाचा स्वतःचा जुना ऑर्गन असे पाच आवाज आहेत, नऊ सरकत्या कळा आहेत आणि फिरत्या स्पीकरची दांडीही आहे.

या नकला साध्या ध्वनिमुद्रणातून होत नाहीत. नऊ दांडे, प्रत्येकाच्या नऊ जागा, म्हणजे नऊचा नववा घात: ३८ कोटी ७४ लाख २० हजार ४८९ जोडण्या. इतक्यांचं मुद्रण कोण करणार? म्हणून चांगल्या डिजिटल ऑर्गनच्या आत ९१ चाकं गणितानं सतत फिरत ठेवलेली असतात आणि पट्टी दाबली की त्यांतली लागतील तेवढी ऐकवली जातात. त्यावर टिक्, त्यावर गळती, त्यावर जुन्या कपॅसिटरचा मंदावलेला आवाज. काही यंत्रांत टिक् किती आणि गळती किती, याच्या स्वतंत्र कळा असतात. तीस वर्षं ज्याच्याशी भांडण झालं त्याला आता शून्य ते दहा असं मापही मिळालं आहे.

असा कीबोर्ड हाती आला की पहिली सवय सोडायची ती जोरानं दाबण्याची. पियानोत जोर वाढला की आवाज वाढतो. ऑर्गनची पट्टी हळू दाबा की आपटा, आवाज तेवढाच. लहानमोठेपणा उजव्या पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये असतो आणि तो पाय सतत हलता लागतो. भजनात पेटीवाला भात्यावरचा हात जसा मागेपुढे करतो, ते काम इथे पाऊल करतं. सस्टेन पेडल बाजूला ठेवावं. सूर जोडायचे ते बोटांनीच, एक बोट उचलायच्या आत दुसरं त्याच पट्टीवर ठेवून.

मग दांडे. सगळे बंद करून फक्त आठ फुटांचा पांढरा दांडा पूर्ण ओढावा आणि ऐकावं: गोल, बासरीसारखा सूर. त्यात पहिले दोन तपकिरी मिसळावेत. पहिले तीन पूर्ण बाहेर, बाकी सहा आत, ही जिमी स्मिथची जोडणी, आकड्यांत ८८ ८००० ०००. तिच्याबरोबर कोरसची कळ 'सी-थ्री' या खुणेवर आणि पर्कशन तिसऱ्या उपस्वरावर, मंद आणि झटपट विरणारं. पर्कशन म्हणजे सुराच्या आरंभी येणारा घंटेसारखा ठोका, आणि त्यात एक खोड आहे. सगळ्या पट्ट्या सोडल्यानंतरच्या पहिल्या सुराला तो मिळतो. सूर जोडून वाजवले तर पुढच्यांना मिळत नाही. चांगल्या नकलेत ही खोड असते. मूळ बी-थ्रीत पर्कशन लावलं की नववा दांडा मुका होतो, कारण ठोका त्याचेच संपर्क वापरतो. तीही खोड चांगल्या नकलेत असते. आपलं यंत्र कितपत अस्सल आहे हे पाहायचं असेल तर माहितीपत्रक वाचण्याऐवजी हे दोन प्रयोग करून पाहावेत.

आणि लेस्लीची दांडी. नवशिका ती जलदवर ठेवून विसरतो आणि पाच मिनिटांत ऐकणाऱ्याचं डोकं गरगरतं. जाणता वादक बहुतेक वेळ संथवर राहतो. ओळ संपता संपता सूर धरून ठेवतो, दांडी जलदवर टाकतो, वेग चढू देतो आणि पुढच्या ओळीला पुन्हा संथवर येतो. गाण्यात असे तीन-चार क्षण पुरेसे असतात. काही कीबोर्डांवर हे काम मॉड्युलेशन व्हीलला दिलेलं असतं, म्हणून सतराव्या टोनवर ते व्हील एकदा फिरवून पाहावं.

शास्त्रीय गाण्याच्या साथीला हे वाद्य चालेल का, असा प्रश्न मराठी घरात हमखास निघतो. स्पष्ट उत्तर: नाही. मींड नाही, गंधार चढा, आणि पायपेटीत हवेच्या दाबानं येतो तो श्वास यात नाही. नाट्यपदाला पायपेटीच हवी. पण भावगीत, सुगम संगीत, चर्चमधलं गाणं, जुनी रॉक गाणी, हिंदी चित्रपटांची सत्तरच्या दशकातली कॅबरे गाणी यांत एक संथ लेस्लीचा ऑर्गन मागे धरला तर सगळा मेळ भरतो. स्ट्रिंग्जच्या टोननं तेवढं भरत नाही.

खरेदीच्या वेळी टोनची संख्या विचारू नये. नऊ सरकते दांडे प्रत्यक्ष आहेत का, वेग बदलायला दांडी किंवा बटण आहे का, बदल हळूहळू होतो की एकदम, आणि व्हॉल्यूम पेडल जोडायची जागा आहे का, एवढं पाहावं. संगणक हाताशी असेल तर 'सेटबीफ्री' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. साध्या मिडी कीबोर्डला ते जोडून आधी महिनाभर दांडे ओढून पाहावेत, पैसे त्यानंतर काढावेत.